खांदे खाली

जानेवारीत ताम्पेरेमध्ये खांब आधी हातात धरून ठेवावा लागतो,
आजारी माणसाचा हात धरावा तसा.
बाहेर उणे एकोणीस.
आत, जुन्या कापडगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर,
पितळ इतकं गार
की कातडीला ओळखच देत नाही.
थंडीने पोटऱ्या भेगाळल्यात, पण आज क्रीम लावायचं नाही,
निसटायला होतं.
राइसा म्हणते, चढायचं नाही अजून.
टाचेला ठिगळ लावलेले लोकरीचे मोजे घालून ती फिरते
आणि आम्हाला वीस मिनिटं जमिनीवरच ठेवते.

मनगटं. घोटे. बरगड्यांमधली ती अरुंद जागा
जिथे शिरायला श्वास टाळाटाळ करतो.
रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधायचा,
कोपर अंगाशी, हात बाहेर उघडायचा,
पंधरा वेळा,
जणू तेच कपाट उघडून
आत काही नाही हे पुन्हा पुन्हा बघायचं.
कंटाळा येतो. राइसाला माहीत आहे.
"कंटाळा म्हणजे विम्याचा हप्ता," ती म्हणते,
"आणि खांदे खाली. कानांना काही सांगायचंय का त्यांना?"

मी टपालात रात्रपाळीला पार्सलं वेगळी करते.
उजवा हात राबतो,
डावा लग्नघरातल्या लांबच्या पाहुणीसारखा
नुसता बसून असतो.
खांबावरही तेच चालायचं.
उजवीकडून चढणं, उजवीकडून उलटं होणं,
आणि फोटोही त्याच बाजूचे.

मागच्या मार्चमध्ये
पाळी संपवून थेट आले, झोप नाही, अंग गार,
एकदाच, म्हटलं, एकदाच,
आणि पिळलेल्या पकडीत सगळं वजन सोडलं.
आवाज होतो म्हणतात. झाला नाही.
फक्त खांद्याच्या आत कुणीतरी
दुसऱ्याचं पत्र फोडलं,
सावकाश, कडेकडेने.

सात आठवडे
माझ्या कोटाची चेन ओइवा लावायचा,
वय सहा, जीभ बाहेर काढून, फार गंभीरपणे.
"आई, हनुवटी वर," म्हणायचा,
माझ्याच आवाजात.

परत आले तेव्हा राइसाने खांब दिला नाही.
पाय जमिनीवर ठेवून आडव्या दांड्याला नुसतं टेकायचं.
मग टाचा उचलायच्या. मग एक पाय.
तिच्या स्वतःच्या खांद्यात तीन स्क्रू आहेत,
विमानतळावर ते वाजत नाहीत
याचं तिला अजून वाईट वाटतं.
मे महिना गेला. नदीचं पाणी चढलं, उतरलं.
मी दोन फूट उंचीवरून खाली यायला शिकत होते,
आठ आकडे मोजत,
सरकायचं नाही, सुटायचं नाही,
उतरताना स्नायू जे बोलतात ते ऐकून घ्यायचं.

दाराशी एक वही टांगलेली आहे.
तारीख, झोप किती, काय दुखतंय.
आज विल्या आली, एकोणीस वर्षांची,
पहिल्याच दिवशी उलटं व्हायची घाई,
गुडघ्यामागचे निळे डाग पदकांसारखे मिरवत.
तिने लिहिलं, काही नाही.
राइसाने ते खोडलं आणि पेन परत दिलं.
मुलगी बराच वेळ उभी राहिली,
एका पायावर, मग दुसऱ्यावर.
मग लिहिलं:
उजवी मांडी मागून, थोडी. घर.

कुणी काही विचारलं नाही.
मी जाड गादी ओढून तिच्या खांबाखाली सरकवली,
पायाने कड दाबून बसवली,
आणि माझ्या खांबाकडे गेले.
डाव्या हाताने वर, उजवा खाली,
खांदा त्याच्या खोबणीत, जागा, सावध.
पितळ आता कोमट होतं.
वहीत माझ्या नावापुढे, झोप पाच तास,
उजवा खांदा, पाऊस पडणार असला तर.
आणि समासात, राइसाच्या अक्षरात:
डावी बाजू, नऊ सेकंद.